ब्रह्मकमळ फुलत का नाही?

आषाढाचे शेवटचे दिवस आले, की गल्लीतील एखाद्या घरातून संध्याकाळी निरोप येतो, ‘आज रात्री आमच्याकडे ब्रह्मकमळ उमलणार आहे, सगळ्यांनी यावे.’ बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई अशा गावांत दुकान खाली आणि बिऱ्हाड वर, अशी आपली कितीतरी घरे आहेत. त्या घरांच्या गॅलरीत, जिन्याच्या वळणावर किंवा उजेडाच्या खिडकीपाशी हे झाड हमखास दिसते. रात्री शेजारपाजारचे जमतात, पेंगुळलेल्या मुलांना कडेवर घेऊन येतात, पांढऱ्याशुभ्र फुलाचा सुगंध घेतात आणि आपापल्या घरी परततात. सकाळी पाहावे, तर फुलाने मान टाकलेली असते.

त्याच गल्लीत दुसरे एक घर असते. तेथील झाडही पहिल्या घरातून आणलेल्या कांडापासूनच वाढलेले. सहा-सात वर्षे झाली, झाड हिरवेगार आहे. पण एकही कळी नाही. मग बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते, घराला दृष्ट लागली. कोणी वास्तूचा दोष काढते. कोणी सासूबाईंच्या कानाशी लागून सुचवते की, ज्या सुनेने झाड लावले तिच्या हातालाच गुण नाही. बोलणारा दुसऱ्या दिवशी विसरतो, ऐकणारीच्या मनात मात्र ते शब्द वर्षानुवर्षे रुतून राहतात. म्हणून या अंकात ब्रह्मकमळाविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे. झाड न फुलण्याची कारणे उजेडात, मातीत, पाण्यात आणि ऋतूंत शोधावीत. घरातील माणसांच्या भाग्यात ती नसतात.

नाव एक, कूळ दुसरे

प्रथम नावाचा उलगडा करू. ज्याला हिमालयात ब्रह्मकमळ म्हणतात, ती वनस्पती निराळी आहे. तिचे शास्त्रीय नाव सॉसुरिया ऑबव्हॅलाटा. सूर्यफूल आणि शेवंती ज्या कुळातील, त्याच कुळातील ती. समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर, केदारनाथ आणि हेमकुंडाच्या परिसरातील थंड कड्यांवर ती उगवते. तिची बारीक जांभळी फुले फिकट, कागदासारख्या आवरणांत झाकलेली असतात. उत्तराखंडाचे राज्यपुष्प ते हेच. वाहण्यासाठी आणि औषधासाठी ते इतके खुडले गेले की, त्याच्या रक्षणाची चिंता अभ्यासकांना वाटू लागली. बीडच्या उन्हात ही वनस्पती जगणे शक्य नाही.

आपल्या गॅलरीतील ब्रह्मकमळाचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याचे माहेर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील दमट अरण्ये. 1812 मध्ये एड्रियन हॅवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘एपिफायलम’ ही प्रजाती मांडली. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पानावर’. कारण फूल थेट पानाच्या कडेतून निघाल्यासारखे दिसते. वास्तविक ज्याला आपण पान म्हणतो, ते पान नसून चपटे झालेले खोड आहे. या वनस्पतीचे कूळ कमळाचे नाही, निवडुंगाचे आहे.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. घरात निवडुंग नको, ते अशुभ असते, असे सांगणारी कितीतरी घरे याच निवडुंगाला ब्रह्मकमळ म्हणून आदराने उंबरठ्याच्या आत घेतात. झाड तेच, नाव बदलले आणि स्वागत बदलले. मोंढ्यात माल घेताना आपण पोत्यावरील छाप पाहून थांबत नाही. मूठभर दाणे हातात घेऊन पाहतो. शुभ-अशुभाच्या बाबतीत मात्र केवळ छापावर विश्वास ठेवतो. नाव चुकीचे असले, म्हणून फुलाचे सौंदर्य तिळमात्र उणे होत नाही. पण कूळ ठाऊक झाले, की झाडाला काय हवे ते उमगू लागते.

झाडावर राहणारे झाड

आपल्या मूळ अरण्यात ही वनस्पती सहसा जमिनीवर वाढत नाही. मोठ्या वृक्षाच्या बेचक्यात साचलेल्या पालापाचोळ्यात ती मुळे रोवते. बांडगूळ ज्या झाडावर वाढते त्याचाच रस शोषते. ही वनस्पती तसे करत नाही. ती वृक्षाचा केवळ आसरा घेते आणि पावसाच्या पाण्यावर व कुजलेल्या पाचोळ्यावर निर्वाह करते. तेथे ऊन पानांतून गाळून येते, हवा ओलसर असते, पाऊस पडला की पाणी क्षणात निथळून जाते आणि मुळांना सतत वारा मिळतो. या चार गोष्टी जितक्या साधतील, तितके झाड घरात रमेल.

आपल्याकडे पहिली अडचण मातीचीच येते. बीड जिल्ह्यातील काळी माती कापसाला उत्तम. परंतु ती पाणी धरून ठेवते, ओली असता फुगते आणि वाळली की तडकते. कुंडीत ही माती भरली तर ब्रह्मकमळाची मुळे पावसाळ्यात कुजतात आणि उन्हाळ्यात तुटतात. त्यासाठी पुढील मिश्रण चांगले: दोन भाग पानांचे कुजलेले खत किंवा दोन-तीनदा धुतलेला नारळाचा भुसा, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग लोणारी कोळशाचे तुकडे. नारळाचा भुसा धुण्याचे कारण असे की, त्यात बहुधा क्षार असतात. कुंडीला तळाशी भोके हवीत. आकार आठ ते दहा इंचांचा पुरे. मोठ्या कुंडीत माती बराच काळ ओली राहते आणि झाड मुळे व पाने वाढवण्यातच गुंतते. मुळे थोडी दाटीने असली, तर फूल लवकर येते.

येथे आपल्या घरांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट सांगतो. रोपवाटिकेतून मिळणाऱ्या तयार मिश्रणात पुष्कळदा हाडांचा चुरा घातलेला असतो. स्फुरदाचा स्वस्त स्रोत म्हणून तो सर्रास वापरतात आणि पिशवीवर त्याचा उल्लेख असेलच असे नाही. ‘बोनमील’ या नावाने तोच विकला जातो. घेण्यापूर्वी स्पष्ट विचारावे आणि शंका असल्यास मिश्रण घरी तयार करावे. फुलासाठी स्फुरद आणि पालाश हवेच असेल, तर कृषी सेवा केंद्रात मिळणारे 0:52:34 हे पाण्यात विरघळणारे खनिज खत घ्यावे. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन वेळा, इतके पुरेसे होते. त्यापेक्षा अधिक खत देण्याने फूल लवकर येत नाही, उलट मुळे भाजतात. नत्राचे खत मात्र हात राखून द्यावे. त्याने पाने गर्द हिरवी होतात, झाड भरदार दिसते आणि कळी येत नाही.

उजेड

घरात वाढणारे झाड न फुलण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अपुरा उजेड. बैठकीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आड झाड शोभेसाठी ठेवले जाते. ते तेथे मरत नाही, म्हणून आपल्याला वाटते की त्याला ती जागा मानवली. जगणे आणि फुलणे यांत अंतर आहे. नव्या फांद्या बारीक, गोल, वेतासारख्या लांबत चालल्या, तर झाड उजेड शोधत आहे असे समजावे. जाड, रुंद, चपटे कांड हे पुरेशा उजेडाचे लक्षण.

पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सर्वांत उत्तम. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन आणि उरलेल्या दिवसात भरपूर उजेडाची सावली, एवढे मिळाले की काम झाले. पश्चिमेच्या गॅलरीत मात्र एप्रिल-मेचे ऊन कांडावर पडले, तर ती पिवळी पडतात आणि त्यांवर भाजल्याचे तपकिरी डाग उमटतात. तेथे पातळ सुती पडदा किंवा हिरवी जाळी लावावी.

पाण्याचा विचार

आपला जिल्हा पर्जन्यछायेतील आहे. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते दिवस आपण कोणीही विसरलेलो नाही. त्या काळात आपल्याकडेही टँकरची वाट पाहत लोकांनी रात्री काढल्या. अशा मुलुखात शोभेच्या झाडासाठी पाणी वापरावे का, हा प्रश्न रास्त आहे. समाधानाची बाब ही की, निवडुंगाच्या कुळातील असल्यामुळे ब्रह्मकमळाची गरज थोडी असते. कुंडीतील वरची दोन बोटे माती कोरडी झाली की पाणी द्यावे, तोवर देऊ नये. भर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठवड्याने आणि थंडीत पंधरा दिवसांनी, असा साधारण हिशेब धरावा. परंतु बोटाने माती पाहूनच निर्णय घ्यावा.

पाण्याचे प्रमाण जितके महत्त्वाचे, तितकाच त्याचा गुण. बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. कुंडीच्या कडेवर पांढरी पुटे दिसू लागली की समजावे, मातीत क्षार साचले आहेत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते, त्यात हे क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेले पाणीही तसेच. ही दोन्ही पाणी झाडाला घालू नयेत. त्यांनी फरशी धुवावी. वातानुकूलन यंत्रातून थेंब-थेंब गळणारे पाणी मात्र हवेतील ओलाव्याचे असल्याने जवळजवळ क्षाररहित असते, ते चालते. पावसाचे पाणी तर सर्वश्रेष्ठ. पावसाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या दिवशी कुंडी उघड्यावर ठेवून पावसाने नीट निथळू दिली, तर वर्षभर साचलेले क्षार धुऊन जातात.

आपल्या अनेक घरांत पिण्याचे पाणी उकळून घेण्याचा नियम आहे. उकळताना पाण्यातील काही क्षार भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात. म्हणून निवळून घेतलेले उकळलेले पाणी बोअरच्या कच्च्या पाण्यापेक्षा सौम्य असते. त्याची मुदत संपण्यापूर्वी जे उरेल, ते पूर्ण थंड करून झाडाला द्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले बिनमिठाचे पाणीही त्याच वेळी द्यावे, साठवून ठेवू नये. चुलीची राख झाडाला चांगली, असे जुनी माणसे सांगतात. कोकणातील आम्ल मातीत ते खरे ठरते. परंतु आपल्याकडील पाणी आधीच क्षारयुक्त असल्यामुळे या झाडाला राख घालू नये.

उन्हाळ्यातील कोरडी हवा हे दुसरे संकट. कूलर असलेल्या खोलीत हवा ओलसर राहते, तेव्हा झाड तेथे ठेवण्यास हरकत नाही. मात्र कूलरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नये. चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या, तरी त्या एकमेकींच्या आधाराने हवेतील ओलावा धरतात.

झाडाची विश्रांती

दिवाळीनंतर झाडाची वाढ मंदावते. हा त्याचा विश्रांतीचा काळ. या दिवसांत पाणी कमी करावे, खत पूर्ण बंद ठेवावे आणि कुंडी हलवू नये. पुष्कळ घरांत नेमके याच वेळी, झाड सुस्तावले असे समजून पाणी वाढवले जाते आणि खताचा मारा होतो. थंडीची ही कोरडी विश्रांती मिळाली, तर पुढील पावसाळ्यात कळ्या येण्याची शक्यता वाढते. फेब्रुवारीच्या शेवटी वरची थोडी माती काढून नवे पानांचे खत घालावे. कुंडी बदलायची असल्यास तीही याच वेळी, आणि दोन-तीन वर्षांतून एकदाच.

नवे झाड करायचे असल्यास पावसाळ्याच्या आरंभी वीतभर लांबीचे पक्व, चपटे कांड घ्यावे. कापलेली बाजू सावलीत चार-सहा दिवस सुकू द्यावी आणि मगच दोन बोटे खोल रोवावे. न सुकवता लावल्यास कांड कुजते. असे झाड फुलायला सामान्यतः दोन-तीन वर्षे, उजेड कमी असल्यास त्याहून अधिक लागतात. म्हणजे ‘लावून दोन वर्षे झाली तरी फूल नाही’ ही तक्रारच मुळात अकाली आहे. कितीतरी लेकी माहेरचे कांड रुमालात गुंडाळून सासरी नेतात. त्यांना ही मुदत आधीच सांगून ठेवावी आणि सासरच्यांनीही ती ऐकावी.

कीड आणि जयणा

झाड म्हटले की कीड आली, आणि कीड म्हटली की आपल्या घरात प्रश्न उभा राहतो. कांडाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, तो पिठ्या ढेकूण. बाजारात त्यावर फवारण्या मिळतात. त्या का वापरायच्या नाहीत, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ‘मग झाड मरू द्यायचे काय?’ असे विचारणाऱ्यांसाठी चार शब्द.

खरी जयणा कीड येण्यापूर्वीची आहे. जीव उत्पन्न होईल अशी स्थिती निर्माण न करणे, हा मार्ग जीव उत्पन्न झाल्यानंतरच्या सर्व उपायांहून श्रेष्ठ. नवे झाड आणले की पंधरा दिवस इतर झाडांपासून दूर ठेवावे. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने कांडावरील धूळ पुसावी. हवा खेळती ठेवावी. नत्र जास्त दिले की कांड कोवळे, रसरशीत होते आणि कीड तेथेच येते. म्हणून खतात संयम हवा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्यात डास होतात, मग त्यांच्यासाठी धूर आणि औषधे येतात आणि एका निष्काळजीपणातून हिंसेची साखळी सुरू होते. पाणी घातल्यावर दहा मिनिटांनी ताटली रिकामी करणे, ही लहानशी सवय ती साखळी मुळातच रोखते.

इतके करूनही कीड आलीच, तर लागण झालेले कांड हलक्या हाताने कापून दूर पडीक जागी, पिकांपासून लांब, एखाद्या झुडपाच्या सावलीत ठेवून यावे. यातही हिंसा अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. वनस्पती हाही जीवच आहे. गृहस्थाला सर्व हिंसा टाळता येत नाही. संकल्पपूर्वक मारणे टाळावे आणि जे अटळ आहे ते कमीत कमी करावे, एवढे त्याच्या हाती असते. ज्यांना हेही मनाला पटत नसेल, त्यांनी झाड न ठेवणे हाही एक प्रामाणिक निर्णय आहे. शोभेसाठी झाडे आणायची, ती वाळू द्यायची आणि पुन्हा नवी आणायची, हा प्रकार मात्र कोणत्याच दृष्टीने योग्य ठरत नाही.

कळी आल्यावर

कांडाच्या खाचेत लालसर टोक दिसले, की तीन-चार आठवड्यांत फूल येते. या काळात कुंडीची जागा बदलू नये, तिची दिशाही फिरवू नये. माती अगदी कोरडी पडू देऊ नये. अचानक झालेला बदल झाडाला सोसत नाही आणि कळ्या गळतात. कळी आधी खाली लोंबते, मग तिचे टोक हळूहळू वर उचलले जाते. कळी फुगून टपोरी झाली आणि संध्याकाळी तिचे टोक किंचित सुटू लागले, की त्या रात्री निरोप धाडायला हरकत नाही. आठ-नऊच्या सुमारास पाकळ्या सुटू लागतात आणि मध्यरात्रीच्या आसपास फूल पूर्ण उमलते. पांढरा रंग आणि उग्र गोड वास हे निशाचर पतंगांसाठी आहेत. मूळ अरण्यात अंधारात तेच परागीभवन करतात.

त्या रात्री लोक जमले, की मोठे दिवे लावले जातात. हे चातुर्मासाचे दिवस. दिव्यांवर किती किडे झेपावतात, ते आपण जाणतो. एखादा मंद दिवा पुरतो, अंधारात फूल अधिकच सुंदर दिसते आणि सुगंधाला तर दिव्याची गरजच नाही. फूल वाहण्याची काही घरांत रीत आहे, काहींत नाही. ज्याने त्याने आपल्या परंपरेप्रमाणे वागावे. ज्यांना बंधन नाही, त्यांनी ते झाडावरच राहू द्यावे. तसेही त्याचे आयुष्य एका रात्रीचेच आहे.

आणि ज्या घरात यंदाही कळी आली नाही, तेथे एक करावे. झाड किती उजेडात आहे, कुंडीत कोणती माती आहे, थंडीत पाणी किती दिले आणि झाडाचे वय काय, या चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. उत्तर बहुधा त्याच कागदावर सापडेल. सापडले नाही, तर ज्या घरी झाड फुलते त्या घरच्या गृहिणीला विचारावे. ती आनंदाने सांगेल. पण ते झाड लावणाऱ्या सुनेला किंवा लेकीला त्यापायी एक शब्दही कोणी बोलू नये, आणि दुसरा कोणी बोलला तर घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला तेथेच थांबवावे.

जय जिनेंद्र.